दिगूमामाची शिंक

शहापूरच्या बाजारपेठेत खताच्या दुकानावर शेखरशेठचं ऑफिस होतं. तिथून दर महिन्याला ‘रानवीर’ नावाचं चित्रकथेचं पुस्तक निघायचं आणि शहापूर-मुरबाडकडच्या एसटी स्टँडांवर खपायचं. खर्डीची अनिता चार वर्षं तिथे कामाला होती. टपाल फोडायचं, वाचकांची पत्रं वाचायची, कौतुकाची एका तारेला अडकवायची, तक्रारीची दुसऱ्या तारेला. येऊन येऊन पत्रं येणार किती? महिन्याला सहा, फार तर सात.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात मात्र एकाच दिवशी एक्केचाळीस पोस्टकार्डं आली. सगळ्यांवर टोकावडे पोस्टाचा शिक्का, आणि सगळी दिगूमामाच्या विरोधात.

दिगूमामा म्हणजे रानवीराचा मामा. गळ्यात मफलर, काखेत छत्री. रानवीर झाडावर दबा धरून बसला की खाली हा नेमका शिंकायचा. चोर सावध व्हायचे, पळायचे, आणि रानवीराला पुढची आठ पानं त्यांच्यामागे धावावं लागायचं. मामा कुणी मागितलेला नव्हता. चित्रं काढणारे कोंडूकाका एरवी हायवेवरच्या ढाब्यांचे बोर्ड रंगवायचे. एकदा पान अर्धं रिकामं राहिलं म्हणून त्यांनी तिथे एक शिंकणारा म्हातारा काढला, आणि तो राहिला तो राहिलाच.

“एक्केचाळीस!” शेखरशेठ खुर्चीतून उठलाच. “लोक वैतागलेत, अनिताताई. आपल्याला पत्ताच नाही.”

अनिता कार्डं पुन्हा पुन्हा चाळत होती. अक्षर प्रत्येकाचं वेगळं. कुणाचं किरटं, कुणाचं गरगरीत, एकाने तर ‘मामा’ला काना द्यायचा विसरून ‘ममा’ केलेलं. पण शेवट सगळ्यांचा एकच, ‘तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती.’

“शेठ, वाक्य सगळ्यांचं सारखंच हाय.”

“मत सारखं, म्हणून वाक्य सारखं.”

हे तिला पटलं नाही, आणि खोडून काढायला तिच्याकडे काही नव्हतंही. तिने कार्डं तक्रारीच्या तारेला अडकवली.

शेखरशेठने कोंडूकाकांना बोलावून घेतलं आणि मामाला संपवायला सांगितलं. काका बराच वेळ नखांतला रंग कोरत बसले. मग म्हणाले, “गावाला धाडा ना त्याला. मारायचा कशाला?”

“गावाला गेलेला परत येतो, काका.”

दिवाळीच्या अंकात मामा घाटातल्या कड्यावरून कोसळला. शेवटच्या चौकटीत नुसती छत्री तरंगत खाली जात होती. खाली शेखरशेठने स्वतः छापलं, ‘वाचकांच्या तक्रारींची दखल घेऊन कार्यवाही केली आहे.’

पंधरा दिवसांत टोकावड्याहून एक कार्ड आलं. ‘मामा शिंकला की माझी आजी पण हसते. तिला वाचता येत नाय, मी दाखवते. मामा मेला हे खरं आहे का? मनस्वी कुंडलिक भोईर, इयत्ता पाचवी.’

अनिताने तक्रारीच्या तारेवरची जुनी कार्डं उतरवली. एकोणिसावं कार्ड याच मनस्वीचं होतं. तेच अक्षर, तोच पत्ता. सप्टेंबरात मामाला काढा म्हणणारी पोर आता मामासाठी रडत होती. अनिताला काही सुधरेना. शेखरशेठला विचारावं तर तो म्हणणार, पोरांचं काय, आज एक उद्या एक.

शनिवारी सकाळी तिने मुरबाडची एसटी धरली, मुरबाडला गाडी बदलली आणि टोकावड्याच्या अलीकडे एका वाडीवर उतरली. शाळा दोन खोल्यांची होती. राघो गुरुजी नावाचे शिक्षक व्हरांड्यात पोरांच्या वह्या तपासत होते. अनिताने नाव-गाव सांगितलं तसे ते लगबगीने उठले.

“तुमी ‘रानवीर’वाल्या? या, बसा. तुमचे फार उपकार झाले.”

“कसले उपकार?”

“तुमी कार्यवाही केलीत ना! पत्रलेखनात आमाला तक्रारपत्र असतं. मी म्हटलं, वहीत लिहून काय उपयोग, खरं पत्र खऱ्या पत्त्यावर जाऊ दे. मागच्या वर्षी रस्त्याबद्दल लिहिलं, त्याच्या आधी दिव्यांबद्दल. कुणी दाद दिली नाय. यंदा म्हटलं, पोरं वाचतात त्या पुस्तकवाल्यांनाच लिहू. आणि तुमी ऐकलंत.”

“पण मामाच्याच विरोधात का?”

“रानवीराच्या विरोधात लिहायला कुणी तयार होईना,” गुरुजी म्हणाले. “मग राहिला कोण? मी मजकूर फळ्यावर लिहिला, पोरांनी उतरवून काढला.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मामा मेल्यापास्नं पोरं माझ्याशी धड बोलत नायत. मला कळत नाय, बाई, मी चुकलो का? उत्तर यावं म्हणूनच तर लिहिलेलं.”

दोन वेण्या घातलेली एक पोर दारातून बघत होती. अनिताने नाव विचारलं. मनस्वीच ती.

“तुला मामा आवडायचा ना? मग तसं कशाला लिहिलंस?”

“दहा मार्क व्हते,” मनस्वी म्हणाली.

अनिता परतली आणि सगळं शेखरशेठच्या कानावर घातलं. तो डोक्याला हात लावून बसला. फेब्रुवारीच्या अंकात मामा करवंदीच्या जाळीत अडकून वाचलेला निघाला. पण न जाणो, कुणाला तरी तो खरंच नको असेल, म्हणून शेखरशेठने मधला मार्ग काढला. मामा राहील, पण शिंकणार नाही.

मामा राहिला. काखेत छत्री घेऊन रानवीराच्या मागे उभा राहायचा. रानवीर दबा धरायचा, झेप घ्यायचा, चोर तिसऱ्याच पानावर सापडायचे, आणि उरलेली पानं कशाने भरायची हे कोंडूकाकांना समजेना.

मार्चमध्ये एकही पत्र आलं नाही. एप्रिलमध्येही नाही. खप होता तेवढाच होता. दोन्ही तारा रिकाम्या बघून शेखरशेठची झोप उडाली.

“शिव्या तरी द्याव्यात माणसांनी!” तो म्हणाला. “लोकांना नक्की हवंय काय? तुम्ही चार वर्षं पत्रं वाचताय. तुम्हाला कसा वाटतो मामा?”

अनिता गोंधळली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिने पत्रं वाचली होती, पुस्तक कधी धड वाचलं नव्हतं. त्या दिवशी डबा खाताना तिने जुना एक अंक पुढ्यात घेतला. रानवीर झाडावर. चोर गुहेच्या तोंडाशी. मामाने मफलर नाकाशी नेला, थांबला, डोळे मिटले, आणि पुढच्या चौकटीत अख्ख्या झाडाची पानं गळून रानवीर नुसत्या फांदीवर उघडा पडला. अनिताला इतकं हसू आलं की घास घशात अडकला. शिंकेचं हसू आलं की पानं गळाल्याचं, ते तिला सांगता आलं नसतं.

“शिंकू द्या त्याला,” ती शेखरशेठला म्हणाली.

“कारण?”

“कारण नाय काय.”

शेखरशेठने कोंडूकाकांकडे बघितलं. काका कधीच पेन्सिल शोधायला लागले होते.

मेच्या अंकात मामा सहा वेळा शिंकला. महिन्याअखेरीस एकच पत्र आलं, कसाऱ्याच्या रेल्वे वसाहतीतून. पेन्सिलीने लिहिलेलं, मायना नाही की नम्र विनंती नाही. ‘हा मामा लई डोक्यात जातो. शिंक येते तर घरी बसावं ना. पुढच्या वेळी चोर पळाला तर मी पुस्तक घेणार नाय. कमळू.’

अनिताने ते मोठ्याने वाचलं. कोंडूकाका गुडघ्यावर थाप मारून हसले. “अगो, हा खरा! हा मनापासून चिडलाय!”

अनिताही हसली. शेखरशेठ मात्र दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिला.

“मग आता काय करायचं?” त्याने विचारलं. “मामाला काढायचा का?”