आठ हात, चाळीस पट

शाळेच्या संगणक खोलीत चाळीस मुलं पडद्यावरचा बुद्धिबळाचा पट चालू होण्याची वाट पाहत होती. पट मात्र आठच मुलांपुढे हलत होता. बाकीच्या बत्तीस पडद्यांवर एकच शब्द होता: थांबा.

"ताई, माझं थांबून थांबून लाकूड झालं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि खोली हसली.

हा खेळ चालवणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताईला हसू येईना. उद्याच्या स्पर्धेत चार शाळांची सहाशे मुलं याच सर्व्हरवर, म्हणजे सगळे डाव सांभाळणाऱ्या मुख्य संगणकावर, खेळणार होती. मुख्याध्यापिका बाईंनी सकाळीच बजावलं होतं, "बारापर्यंत चाळीस मुलं खेळताना दाखव, नाहीतर स्पर्धा रद्द." अकरा वाजायला आले होते.

प्रत्येक मुलाच्या संगणकापासून सर्व्हरपर्यंत एक सॉकेट, म्हणजे चाली ये-जा करण्याची वाट. ती सांभाळायला ताईने आठ थ्रेडचा ताफा केला होता. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅमचा एक हात, एका वेळी एकच काम करणारा. तिने आठाचे सहाशे करून पाहिले, तर शाळेचा म्हातारा सर्व्हर धापा टाकत बंदच पडला. पुन्हा आठावर यावं लागलं.

ताईची आत्या याच शाळेत गणित शिकवायची. ती भाचीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"तुझे आठ हात आत्ता काय करताहेत गं?"

"वाट बघताहेत. मुलं विचार करताहेत ना! चाल आली की ती घ्यायची."

"म्हणजे एकेका मुलाच्या उशाशी एकेक जण बसलाय?" आत्याने कपाळावर हात मारला. "अगं, परीक्षेला साठ मुलं असतात आणि मी एकटी. कुणी हात वर केला की जाते, पुरवणी देते, परत फिरते. मुलं विचार करताना मी कशाला बसू त्यांच्यापाशी?"

ताई खुर्चीतच मागे वळली. मग म्हणाली, "आत्या, हे काल का नाही सांगितलंस?"

"काल तू विचारलंस कुठे? 'तुला यातलं कळत नाही' म्हणालीस."

ताईने जीभ चावली आणि कामाला लागली. आता एकच थ्रेड सगळ्या सॉकेटवर नजर ठेवणार. चाल आली की ती ताफ्यातल्या मोकळ्या हाताला देणार. तो हात पटावर चाल मांडून लगेच मोकळा होणार.

पावणेबाराला चाळीसही पट उघडले. टाळ्या वाजल्या आणि तेवढ्यात आरोळी आली, "माझ्याकडे तीन घोडे!"

"त्यातला एक माझा आहे, चोरा!"

ताई पडद्याकडे झेपावली. चूक तिला लगेच दिसली. मांडलेला डाव ती अजून थ्रेडच्याच आठवणीत ठेवत होती. आता थ्रेड दर चालीला बदलत होता, त्यामुळे एकाचे मोहरे दुसऱ्याच्या पटावर उगवत होते. तिने प्रत्येक डाव त्याच्या क्रमांकाखाली वेगळा ठेवला आणि सगळ्यांना नव्याने सुरुवात करायला लावली.

बाई दारात आल्या तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती. खोली चिडीचूप. चाळीस डोकी पटात बुडालेली.

"चालतंय की बंद पडलंय?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"चालतंय, बाई. मुलं विचार करताहेत."

"आणि तुझा सर्व्हर?"

"तो रिकामा बसलाय," ताई ऐटीत म्हणाली.

बाईंनी एक फेरी मारली. एका पडद्यावर वजीर सरकला, दुसऱ्यावर प्यादं. मग त्या फळ्याकडे गेल्या आणि खडूने लिहिलं: स्पर्धा उद्या, सकाळी नऊ.