झाकलेला आकडा

पहिल्या प्रतिमेचं तेज दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये चार टक्क्यांनी उतरलं होतं, काही दिवस खालीच राहिलं आणि मग हळूहळू वर आलं. दुसऱ्या प्रतिमेत तोच खड्डा, त्याच आकाराचा, मेमध्ये दिसत होता. चित्राने पडद्यावर एक आलेख दुसऱ्यावर सरकवला. दोन्ही जुळले. ते कालही जुळले होते.

क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचा तळपता गाभा, एकच होता. वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने त्याचा प्रकाश दोन वाटांनी वळून येत होता आणि एका वाटेने उशिरा पोचत होता. त्या उशिरावरून विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय ते काढता येतं. या वेगाचे सध्या दोन आकडे आहेत. विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशावरून सदुसष्टच्या आसपास येतो, जवळच्या ताऱ्यांवरून त्र्याहत्तरच्या. कुणाची मोजणी चुकतेय, की भौतिकशास्त्रातच काही निसटतंय, हे अजून कळलेलं नाही. चित्राच्या पहिल्या मोजणीत, पीएचडीच्या वेळी, चौऱ्याहत्तर आले होते. परिषदांमध्ये लोक तिला त्या आकड्यानेच ओळखत.

या वेळी उत्तर झाकलेलं होतं. संगणकाने त्यात एक गुप्त संख्या मिसळून ठेवली होती, म्हणजे मनासारखं उत्तर येईपर्यंत कुणी गणितात दुरुस्त्या करत बसू नये. झाकण काढण्याआधी गटातल्या प्रत्येकाने सगळ्यांसमोर तोंडाने म्हणायचं, की जे येईल ते तसंच छापू. त्यानंतर काहीही बदलायचं नाही. बाकीचे केव्हाच म्हणून मोकळे झाले होते. चित्रा राहिली होती.

शनिवारी कल्पिता आंबिवलीहून नौपाड्यात चित्राच्या घरी आली, लॅपटॉप आणि डबाभर फणसाचे गरे घेऊन. ती चित्राची विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या एका आकड्यासाठी थांबलं होतं.

"मॅडम, आज उघडूया?"

"वाटेतल्या दीर्घिकेच्या शेजारी जी छोटी दीर्घिका आहे, तिचं वस्तुमान पुन्हा एकदा बघू. नाहीतर पावसाळ्यात दुर्बीण बंदच असते, दिवाळीनंतर अजून एक हंगाम निरीक्षणं घेतली तर..."

"मागे 'होळीनंतर उघडू' म्हणालेलात."

चित्राची आई सगळी नोकरी प्रसूतिगृहात नर्स म्हणून करून निवृत्त झाली होती. स्वयंपाकघरात गऱ्यांतल्या आठळ्या काढता काढता ती म्हणाली, "आत मुलगा आहे की मुलगी, ते आम्हीही सांगत नव्हतो. पण म्हणून कुणी बाळंतपण दिवाळीवर ढकललेलं मी पाहिलं नाही हो."

"आजी, यांना नववा सरून सोळावा लागलाय."

"मग हत्तीण असणार."

चित्राही हसली. तरी तिने छोट्या दीर्घिकेची फाइल उघडलीच.

"बरं, करते मी," कल्पिता म्हणाली. "पण वस्तुमान जरा जास्त निघालं तर काय बदलायचं?"

"काही नाही. ते त्रुटीच्या मर्यादेत धरलेलंच आहे."

"आणि कमी निघालं तर?"

"तेही धरलंय."

"मग तपासणी करायची कशाला?"

वर्षभरातल्या तपासण्या चित्राला आठवल्या. धुळीची, कॅमेऱ्याची, मधल्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वेगाची. प्रत्येक रास्त होती, शोधनिबंधात लिहिण्यासारखी होती. पण अलीकडच्या एकीनेही गणितात काही बदललं नव्हतं. बदलत होता तो फक्त आकडा दिसण्याचा दिवस. अडुसष्ट आले तर आपल्या जुन्या चौऱ्याहत्तरचं काय झालं, हे तिला भर सभेत उभं राहून सांगावं लागणार होतं, आणि आज तरी तिच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर झाकलं तरी भीती झाकली जात नाही, हे पद्धत ठरवताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने फाइल बंद केली.

"सगळ्यांना जोड."

पडद्यावर एकेक चेहरा येत गेला. सलिल, तिचा जुना सहकारी, तोंडातला घास गिळत म्हणाला, "बोला चित्राबाई. नवीन तपासणी कुठली?"

"कुठलीच नाही."

सलिलने ताट बाजूला सारलं. स्वयंपाकघरातली सुरी थांबली. कल्पिताचं बोट बटणाजवळ होतं, पण ती चित्राकडे बघत होती.

"जे येईल ते तसंच छापू," चित्रा म्हणाली. "उघड."