सात नंबरच्या खोलीतला जाळ

वना मिलमधून धावतपळत आला तेव्हा सात नंबरच्या खोलीतून धूर निघत होता. सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं लावलेलं कुलूप कोयंड्यासकट उचकटून उंबऱ्याशी पडलं होतं. आत त्याच्याच मातीच्या चुलीपुढे एक हडकुळा इसम ऐसपैस बसला होता. चहाला आधण ठेवलं होतं राजश्रींनी!

"कोन रे तू?" वना ओरडला. "ही खोली मनी शे!"

"व्हती," तो इसम फुंकर मारता मारता म्हणाला. "मी तोताराम शिंपी, सावद्याचा. नाना काय बोल्ले ते ठाव हाये ना तुले? चूल पेटली का खोली लागली."

"पन चूल मनी शे!"

"चूल तुही असंन. जाळ त माहा हाये."

नाना म्हणजे चाळीचा मालक लोटननाना. कागद नाही, पावती नाही. खोलीत चूल पेटली की भाडेकरू पक्का, हा त्याच्या चाळीचा कायदा. सात नंबर त्यानं सोमवारी वनाला कबूल केली आणि मंगळवारी तोतारामला. दोघं भांडायला लागतील हे कळल्यावर दोघांनाही निरोप धाडला, गुरुवारी ज्याची चूल आधी पेटेल तो राहील. झालं, हात झटकून मोकळा! मोठा न्यायाधीशच लागून गेला होता.

ते सत्त्याऐंशी साल. जळगावात नवे कारखाने आले होते आणि भाडी आभाळाला भिडली होती. वनाला डाळमिलमध्ये हमाली मिळाली, पण डोकं टेकायला जागा मिळेना. चार महिने तो पोत्यांच्या थप्पीवर झोपला. कॉलनीतल्या भाड्याचा नुसता आकडा ऐकून परत फिरायचा. जिथं परवडेल तिथं मालक विचारायचा, "बायको कुठंय? एकट्याला खोली नाही." अरे बाबांनो, खोलीच नाही तर बायको आणून उभी कुठं करायची? तानुबाई बिचारी तान्ह्या पोरीला घेऊन धुळ्याला भावाकडे पडून होती. परवा भावाचं पत्र आलं, गुरुवारी दुपारी एकच्या गाडीत तिला बसवून देतो, माझ्याकडे आता जागा नाही.

मग वनानं सकाळीच चूल का पेटवली नाही? तिथंच तर घोड्यानं पेंड खाल्ली. त्याच्या गावाकडे नव्या घरातला पहिला जाळ घरधनिणीनं करायचा. बाप्या माणसानं केला तर बाई त्या घरात टिकत नाही, असं त्याची आई सांगायची. म्हणून त्यानं चूल नुसती मांडली, कुलूप ठोकलं आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायला मिलमध्ये गेला. तोतारामनं तेवढ्यात डाव साधला.

"ऊठ," वना म्हणाला. "मनी बायको येई राहिनी."

"माही बी येऊन राह्यली."

वनानं चुलीला लाथ घातली. चूल फुटली, उकळता चहा तोतारामच्या मांडीवर सांडला. तो किंचाळत उठला आणि जळतं लाकूड उचलून त्यानं वनाच्या मानेवर दाबलं. कातडी चर्र झाली. वनाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्याचा हात कमरेच्या आकड्याकडे गेला. पोती ओढायचा लोखंडी आकडा तो. तोतारामनं तोंड वाचवायला उजवा पंजा पुढे धरला आणि आकडा तळहातातून आरपार गेला. तिथं थांबला असता तरी चाललं असतं. पण दिवसभर पोती ओढणारा हात. सवयीनं त्यानं हिसका दिला. तळहात बोटांच्या बेचक्यापर्यंत फाटला.

चाळ गोळा झाली. नाना धोतराचा सोगा सावरत आला. त्यानं रक्त पाहिलं, फुटकी चूल पाहिली.

"पोलिसात कुणी गेलं तर सगळी चाळ रिकामी करीन," तो म्हणाला. "याला रिक्षात घाला. मशिनीत हात आला म्हणून सांगा सिव्हिलात. आणि वना, तुझी चूल नीट कर. हा आता खोली घेऊन काय करणार?"

अशी वनाला खोली मिळाली. त्यानं उंबरा तीन वेळा धुतला, चुलीला चिखल लावला, मानेला उपरणं गुंडाळलं आणि स्टँडवरून तानुबाईला आणि पोरीला घेऊन आला. तिनं जाळ केला. भिंतींवरून हात फिरवत ती हसत होती. मानेचं विचारलं तर वना म्हणाला, "पोतं घासायनं."

चारच्या सुमारास दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर गाठोडं, घामानं डबडबलेली.

"सात नंबर हाच ना वं? तोताराम शिंपी इथंच राहते ना? मी कुंदाबाई, त्याह्यची घरवाली."

तानुबाई नवऱ्याकडे पाहू लागली. वना उठला, बाईचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि म्हणाला, "चला. त्या दवाखानामा शेत."

सिव्हिलात तोताराम खाटेवर पडला होता. पंजाला फडक्यांचा हा मोठा गोळा. कात्री धरायची बोटं पुन्हा मिटणार नाहीत, असं डॉक्टरनं त्याला सांगून टाकलं होतं. कुंदाबाईनं हंबरडा फोडला.

"कसं झालं वं माय हे!"

तोतारामनं वनाकडे पाहिलं. वना गाठोडं डोक्यावर तसंच धरून उभा राहिला. आता हा तोंड उघडणार आणि आपण मेलो.

"मशिनीत आला हात," तोताराम म्हणाला. मग तो कुंदाबाईकडे वळला. "या गावात आपलं कोनी नही. तुले कुठं ठेवू? या भाऊच्या खोलीत निज. जागा हाये तिथं."

त्यानं थोबाडीत मारली असती तर वनाला बरं वाटलं असतं.

दिवेलागणीला दोघी बायका एका चुलीशी बसल्या. कुंदाबाई भाकरी थापत होती आणि दर भाकरीला म्हणत होती, "भाऊ, तुमचे लई उपकार झाले." वना दवाखान्यात न्यायचा डबा भरत होता. भाकरी मोडून वरणात कुस्करत होता.

"आख्खी द्या ना," तानुबाई म्हणाली. "कुस्करतस काबर?"

एखादा तुकडा मोठा राहिला तर नाही ना, म्हणून वना बोटांनी डब्याच्या तळापर्यंत चाचपून पाहत होता.