गळ्यापर्यंत टाकी

उरणच्या बाजूच्या आमच्या गावात नवी गाडी आली की तिला हार घालायचा मान घरच्या बाईचा, पण नारळ फोडायचा मान धर्मादादांचा. एकतीस वर्षं त्यांनी बंदरातून कंटेनरचा ट्रेलर हाकला, पार इंदूर-अहमदाबादपर्यंत, आणि एवढ्या वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. त्यामुळे टेम्पो असो, रिक्षा असो, नाहीतर जमिनीचे पैसे आलेल्या कोणाची चकचकीत मोटार असो, आधी दादा बसणार, एक फेरी मारणार आणि उतरून एकच शब्द बोलणार. "घ्या" किंवा "नको". एकाने एकदा हट्टाने नको म्हटलेली गाडी आणली आणि वर्षाच्या आत विकली. तेव्हापासून तर दादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि नेमकी त्यांचीच पोर त्यांच्याशी अडून बसली.

प्राप्ती त्यांची एकुलती एक, अलिबागजवळच्या नागावला दिलेली. नवरा दिपेश भला माणूस, चार खोल्यांचं होमस्टे आणि मागे नारळाची वाडी. पाहुणे मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरतात आणि तिथून नागावला यायला रिक्षावाल्यांशी घासाघीस करत उन्हात उभे राहतात. प्राप्तीने ठरवलं की आपली गाडी घ्यायची, आपणच चालवायची आणि पाहुण्याला जेट्टीवरून थेट अंगणात आणायचं. दिवाळीपासून सीझन सुरू. गाडीही तिने मनाशी पक्की केली होती, हायब्रिड. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला बॅटरीवरची मोटर, दोघांनी मिळून एक संसार ओढायचा.

दादांना हे ऐकूनच ठसका लागला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे काय मुलीला ठाऊक नाही? दोन इंजिनं म्हणजे दोन दुखणी. त्यांचं मत साधं होतं, डिझेलची उंच गाडी घ्यावी आणि निवांत झोपावं. बापलेकीची फोनवर तीन दिवस खडाजंगी झाली. चौथ्या दिवशी प्राप्ती स्वतः माहेरी आली आणि बापासमोर बसून म्हणाली, "बाबा, गाडी मीच निवडनार. पन नारल तुमी फोडल्याशिवाय ती घेनार न्हाय."

आता आली का पंचाईत. शोरूमवाल्याने गाडी सोमवारपर्यंतच राखून ठेवली होती. त्यानंतर नाव लावलं तर दोन महिने थांबायचं, म्हणजे सीझन हातचा गेला. मुलगी हट्टी, पण बापाचा शब्द मोडणार नाही, आणि बाप खोटं "घ्या" म्हणणार नाही. प्राप्तीची आई जनीबाई दोघांकडे बघून नुसत्या भाकऱ्या थापत राहिल्या.

पनवेलच्या शोरूममध्ये मात्र त्या हौसेने गेल्या होत्या. तिथे एक हायब्रिड सेडान होती, लांब, बसकी, देखणी. सगळ्यांत जास्त मायलेज तिचंच, असं तिथला मुलगा घोकून सांगत होता. जनीबाई तिच्यात बसल्या ऐटीत, पण उठायची वेळ आली तेव्हा गुडघ्यांनी साफ नकार दिला. दिपेशने एक हात धरला, शोरूमच्या मुलाने दुसरा. "मना उठवाया आता क्रेन आना," त्या म्हणाल्या, आणि बाहेर आल्यावर धापा टाकत लेकीला बजावलं की बोटीतून उतरणारे निम्मे पाहुणे आपल्याच वयाचे असतात. सेडानचा विषय तिथेच मिटला. उरल्या दोन उंच गाड्या, एक हायब्रिड, एक डिझेल.

शोरूमच्या चकरेवर दादांचा काडीचा विश्वास नव्हता. सिग्नलपर्यंत जाऊन परत यायचं, म्हणजे स्थळ बघायला जाऊन अंगणातूनच माघारी फिरायचं. काचेवर जो मायलेजचा आकडा उजळतो त्यावर तर मुळीच नव्हता. ट्रेलरवाल्यांची रीत वेगळी. टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायची म्हणजे आत अडकलेली हवा वर येते, मग पुन्हा भरायची. गाडी पळवून आणायची आणि त्याच पंपावर, त्याच जागी उभी करून पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. किलोमीटरला लिटरने भागायचं. या हिशोबात आजवर ना मालकाला फसवता आलं, ना ड्रायव्हरला.

जनीबाईंच्या बहिणीचा मुलगा स्वप्निल बंदराच्या ऑफिसात आहे, त्याच्याकडे प्राप्तीला हवी तीच हायब्रिड होती. शेजारच्या दयारामकडे डिझेलची. दादांनी दोन्ही मागून घेतल्या, दोन दिवस सकाळी सहाला एकेक गाडी काढली आणि मोकळ्या हायवेवरून शंभर शंभर किलोमीटर नेऊन आणली. डिझेलने लिटरला दिले वीस. हायब्रिडने साडेअठरा. दादा नाक्यावर गेले, चहा मागवला आणि चारचौघांत सांगून मोकळे झाले की ते हायब्रिडचं फॅड म्हणजे दुरून डोंगर साजरे. दयारामने खुशीत येऊन सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.

प्राप्तीला कळलं तेव्हा ती चिडली नाही की रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाबा, सकाली सहाला मोकल्या हायवेवर माझा कंचा पावना उतरनार हाय?"

 जन्मभर दादांनी एकच शहाणपण पाळलं होतं, रस्ता मोकळा असताना निघायचं. गर्दीत अडकून तेल जाळतो तो ड्रायव्हर कसला? जो रस्ता त्यांनी सारं आयुष्य टाळला, तोच पोरीचा रोजचा रस्ता होता, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. राग आला त्यांना, आणि खरं सांगायचं तर तो राग प्राप्तीवर नव्हता. ते म्हणाले, शनिवारी तुझ्या रस्त्यावर दोन्ही गाड्या घालू, मग बोल.

शनिवार म्हणजे अर्धी मुंबई मांडव्याला उतरते. वाटेवरच्या चोंढीच्या पंपावर दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या, दोन्ही गाड्या दादांनी स्वतः हलवल्या. हायब्रिड प्राप्तीकडे, शेजारी दादा. मागे डिझेल घेऊन दिपेश. दोन्हींत खरेखुरे पाहुणे, बॅगा, एका आजीबाईंची घडीची व्हीलचेअरसुद्धा. जेट्टीपासून जी रांग लागली ती अलिबागपर्यंत. हात हात पुढे सरकायचं आणि थांबायचं.

तिसऱ्या थांब्याला दादांच्या तोंडून सवयीने गेलं, "पोरी, बंद कर."

"बंदच हाय, बाबा."

दादांनी डॅशबोर्डवर पालथा हात ठेवला. इंजिनाची थरथर त्यांना हाताने कळायची, कानांची गरजच नव्हती. थरथर नव्हती. रांग हलली, प्राप्तीने ब्रेक सोडला, गाडी पाण्यावरच्या होडीसारखी पुढे गेली, आणि हाताखाली अजूनही काही नव्हतं.  एकतीस वर्षं दादा क्लीनरच्या पोरांना ओरडून शिकवत होते की दोन मिनिटं थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. ही गाडी ते शिकूनच जन्माला आली होती.

प्राप्तीने सांगितलं की ब्रेक दाबला की चाकांचा जोर वाया जात नाही, त्याचीच वीज होऊन बॅटरीत जाते. तेव्हा दादांना त्यांचे वडील आठवले. वडील मिठागरावर होते. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटी लागायच्या आत बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, फळी पाडायची, म्हणजे आलेलं पाणी परत जात नाही, त्याचंच मीठ होतं. बापाने जे खाडीच्या पाण्याचं केलं तेच ही गाडी वेगाचं करत होती. हे कुणीतरी आधीच असं सांगितलं असतं तर एवढं भांडण कशाला झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

मग त्यांचं लक्ष पोरीच्या पायाकडे गेलं. पुढच्या तिसऱ्या गाडीचा लाल दिवा बघून तिचा पाय आधीच हलका होत होता. धसका नाही, हिसका नाही. मागच्या आजीबाई तर चक्क झोपल्या होत्या. हे त्यांनीच शिकवलं होतं, मिठागराच्या रस्त्यावर, ती कॉलेजात असताना. तेव्हा ती फार रडायची. आज ती त्यांच्यापेक्षा सफाईने चालवत होती, आणि हे बघून त्यांचा ऊर इतका भरून आला की ते खिडकीबाहेर सुपारीच्या बागा मोजायला लागले.

तीन फेऱ्या झाल्या. संध्याकाळी पुन्हा चोंढीचा पंप. हायब्रिडच्या टाकीत नळी सात लिटरवर टक्कन थांबली. दादांना वाटलं, हवा अडकली. त्यांनी गाडी हलवली, जेमतेम अर्धा लिटर गेलं. पुन्हा हलवली. पंपावरचा माणूस म्हणाला, काका, आता बाहेर सांडेल. शेजारी दिपेशच्या गाडीत डिझेल जातच होतं, जातच होतं. हायब्रिडचे लिटरला निघाले पावणेतेवीस किलोमीटर. डिझेलचे साडेबारा. डिझेल थोडं स्वस्त, हे धरूनसुद्धा बरोबरी होत नव्हती.

दादांनी भागाकार दोनदा करून पाहिला. जेवले, झोपले, मागून आणलेल्या गाड्या पोचवायचं दिपेशवर सोपवून रविवारी सकाळच्या एस.टी.ने गावाला परतले. प्राप्ती बिचारी फोन हातात धरून बसली, कारण उद्या सोमवार होता.

दादा घरी गेलेच नाहीत. एस.टी.तून उतरले ते थेट नाक्यावर. तिथे दयाराम होता, स्वप्निल होता, आणखी दहा जण होते. कोणी काही विचारलं नव्हतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. 

"मी गाडी चुकीच्या रस्त्यावर तपासली," ते उभ्यानेच म्हणाले. "पोरीचा रस्ता येगला हाय. त्या रस्त्याला तिचीच गाडी बरी. मना जे दिसलं न्हाय ते तिला दिसलं."

नाक्यावर कोणी हसलं नाही. दयारामने चेष्टा केली, की दादा, मग माझे चहाचे पैसे परत द्या. दादांनी खरंच सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. मग बाजूला जाऊन नागावला फोन लावला आणि एकच शब्द बोलले, "घे." पलीकडे प्राप्ती किती वेळ रडत होती ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

गाडी आधी माहेरी आली, गावदेवीच्या देवळापुढे. हार जनीबाईंनी घातला. नारळ नागावच्या वाडीतला. दादांनी तो सोलून, शेंडी ठेवून हातात घेतला, कपाळाला लावला आणि प्राप्तीच्या हातात दिला. येसूबाई गावात सगळ्यांत म्हाताऱ्या, त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या की बाईमाणसानं नारळ फोडायचा नसतो.

"येसूआत्या," दादा म्हणाले, "हा मान गाडी पारखनाऱ्याचा हाय. इतकी वर्सं मी होतो. आता ती हाय."

 येसूबाई पदर खोचून एक पाऊल मागे सरल्या आणि म्हणाल्या, मग नीट फोड बाय, अर्धवट नको. पहिला घाव निसटला. दुसऱ्याला नारळाची दोन शकलं झाली आणि पाणी पुढच्या चाकावर उडालं.

आता गावात कोणाला गाडी घ्यायची असली की लोक अजूनही सवयीने दादांच्याच ओटीवर येतात. परवा दयाराम आला होता, त्याला डिझेलची गाडी विकून दुसरी घ्यायचीय. दादांनी त्याला चहा दिला, कुठल्या रस्त्यावर चालवणार ते विचारलं आणि म्हणाले, प्राप्तीला फोन कर. मग डोळे मिटून तिचा नंबर दहाच्या दहा आकडे न अडखळता सांगितला. स्वतःचा नंबर दादांना आजही पाठ नाही.