फाटकाबाहेर थांबलेली आत्या

मालूआत्या जिना चढत असली तरी पावलांचा आवाज होत नसे. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत इतरांच्या चपला दणदणत. तिचे पाऊल मात्र भिंतीवरून सरकणाऱ्या उन्हासारखे पायरीवर निःशब्द टेकत असे, जणू दगडालाही दुखते अशी तिची खात्रीच होती.

ही चाल तिला सह्याद्रीतल्या एका प्राचीन घाटवाटेने दिली. कधीकाळी व्यापाऱ्यांचे बैलतांडे ज्या वाटेने कोकणातून वर येत, तिच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि वरच्या खिंडीतला शिलालेख पाहायला ती दर हिवाळ्यात जाई. पुढे त्या वाटेवर गर्दी लोटू लागली. शिलालेखाशेजारी कुणाकुणाची नावे कोरली गेली. एका रविवारी खिंडीत रेटारेटी झाली आणि एक अनोळखी मुलगी कड्यावरून लोंबकळली. तिचे मनगट आत्याने धरून ठेवले, म्हणून ती वाचली. त्या दिवसानंतर आत्या वनखात्याच्या दारी खेपा घालू लागली. कैक वर्षांनी वाटेच्या तोंडाशी फाटक आले, दिवसाला ठरावीक माणसे आणि प्रत्येकाला परवाना, असा नियम झाला.

पेठेने त्याचे स्वागत पेठेच्या रीतीने केले. "तुमचं पोटभर पाहून झालं, आता दार लावून घेतलंत!" शेजारचे काका म्हणाले. आत्या हसली नाही, रागावलीही नाही.

त्याच सुमारास माझ्या बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू बळावला. आत्याच्या या धाकट्या भावाची दृष्टी कडेकडेने विझत चालली होती, अवसेकडे सरकणाऱ्या चंद्रासारखी. आत्याने वाटेवर बोलावले की ते आयुष्यभर "पुढच्या वर्षी येईन" म्हणत राहिले होते. आता पुढच्या वर्षाचा भरवसा उरला नव्हता. आत्याने रीतसर अर्ज केला आणि ती, बाबा आणि मी अशा तिघांचे परवाने मिळाले.

आम्ही पोचलो तेव्हा धुके फाटकाला टेकले होते. आदल्या दिवशीच्या अवकाळी पावसाने वरचे दगड सैल झाले होते, म्हणून त्या दिवसाची संख्या ऐनवेळी कमी केलेली. रांगेत आमच्यातल्या दोघांपाशीच ती संपली. मागची माणसे कुजबुजू लागली.

फाटकावरचा वनरक्षक आत्याला ओळखत होता. "ताई, तुमी जावा. तुमच्यासाठी कसला आकडा?"

"वा!" मागून एक तरुण ओरडला. "नियम आमच्यासाठी, वाट तुमच्यासाठी!"

आत्याच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मग ती एक पाऊल मागे सरकली.

"वसंता, तू जा. ही आहे सोबत."

"मालूताई, तुझ्याशिवाय मी काय पाहणार?" बाबा म्हणाले.

"मी सांगितलेलं पाहू नकोस. तुझं तू पाहा."

फाटक आमच्यामागे लागले. पायऱ्या ओल्या होत्या. बाबांना समोरचे थोडे दिसे, पायाखालचे काहीच नाही. मी एकेक पायरी सांगत होते. खिंडीच्या अलीकडे त्यांचा पाय घसरला, दगड सुटून दरीत गेला, आणि तो तळाशी आदळल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की आम्ही दोघेही श्वास घ्यायचे विसरलो. मी परत फिरू या म्हटले. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

शिलालेखासमोर ते उभे राहिले. अक्षरे पुसट आणि त्यांचे डोळे त्याहून पुसट. त्यांचा हात आपसूक उचलला गेला. स्पर्शाला मनाई होती, पण तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हते आणि मी काही बोलले नसते. दगडापासून वीतभर अंतरावर तो थांबला, आणि खाली आला.

"ती बाहेर बसलीय," एवढेच ते म्हणाले.

दिवस कलताना आम्ही उतरलो. आत्या एका दगडावर बसली होती, चेहरा धुक्याच्या रंगाचा. तिने धावत येऊन बाबांचे दोन्ही हात धरले. "दिसलं?"

"दिसलं," बाबा म्हणाले.

पावसाळा सरेपर्यंत बाबांची दृष्टी गेली. आत्याचे गुडघेही तिला पुन्हा त्या वाटेवर नेईनात. मग संध्याकाळी दिवेलागणीला ती त्यांच्यापाशी येऊन बसे आणि विचारी, "कशी होती रे वाट?" बाबा सांगत. त्यांच्या सांगण्यात हळूहळू नसलेले झरे वाहू लागले, नसलेली पाखरे बोलू लागली. आणि चुकीच्या एका शब्दावर भल्याभल्यांना अडवणारी माझी आत्या ते सारे डोळे मिटून ऐकत राही.

ती गेल्यावर बाबांनी त्या वाटेबद्दल बोलणे सोडले. मी विचारले तर म्हणतात, "जिला ठाऊक होतं, तिलाच सांगण्यात गंमत होती." काळ माणूस नेतो तेव्हा आपले ऐकणारे कानही घेऊन जातो, मागे राहिलेली आठवण मग, कुणाशी बोलावे ते न कळून, घरभर हिंडत राहते.