चुंबक म्हणाला, मी लोखंड
मी एक जुना पत्रा आहे. कसला पत्रा, ते लगेच विचारू नका. म्हणजे विचारा, पण उत्तरासाठी जरा दम धरा. मला स्वतःलाच ते कळायला बहुतेक आयुष्य लागलं, आणि कळल्यावरही मी अधूनमधून विसरतो.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात दोन अवाढव्य लाटण्यांच्या मधून झाला. तिथून मी इतक्या वेगाने बाहेर पडलो की माझी सावली तीन दिवसांनी मागून चालत आली. पाठीवर एक कागद होता. मी कसला पत्रा, कशासाठी चांगला आणि कशासाठी नाही, ते सगळं त्यावर लिहिलेलं होतं. वाटेत तो कागद एका शेळीने खाल्ला. तेव्हापासून मी कोण हे फक्त त्या शेळीला ठाऊक, आणि ती पुढे कधी भेटली नाही.

मग एका रंगाऱ्याने मला दोन्ही अंगांनी करडा रंग फासला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पुढे वळण आहे'. मला वाटलं, बरं झालं, आपण वळण आहोत. बारा वर्षं मी रस्त्याच्या कडेला उभा राहून वळण्याचा प्रयत्न केला. पुढे पुन्हा रंग चढला आणि मी 'दातांचा दवाखाना' झालो. लोक गालावर हात धरून माझ्याकडे इतक्या आशेने बघत की मला वाटे, आपणच डॉक्टर. त्यानंतर मी 'जागा भाड्याने देणे आहे' झालो. जागा भाड्याने गेली, आणि मी उरलो.

उरलेला पत्रा जातो कुठे? पत्रेवाल्या काकांच्या दुकानात. तिथे भिंतीला टेकून बाकीचे पत्रे उभे होते, आणि प्रत्येकाला आपलं काम तोंडपाठ. जस्त चढवलेले म्हणत, आम्ही छपरांचे. स्टेनलेसचे म्हणत, आम्ही दूध आणि औषधांच्या कारखान्यांचे. काळे लोखंडी पत्रे कमी बोलत. फाटकं आणि टाक्या करणारी ती मंडळी. मला विचारलं की मी म्हणे, "मी आधी दवाखाना होतो." मग कोणी पुढे विचारत नसे. मी कोपऱ्यात गेलो, आणि एका कोळ्याने माझ्यावर संसार थाटला.

एक दिवस साबणवाल्या ताई आल्या. गल्लीच्या टोकाला त्यांची शेड. त्या आणि त्यांची धाकटी बहीण मिळून कपड्यांचा साबण करत. ताई मोजून द्यायच्या, धाकटी परातीवर वाकून ढवळायची. साबणात कॉस्टिक सोडा लागतो. हा सोडा पाण्यात पडला की पाणी तापतं, आणि अंगावर उडालं तर कातडी जाळतं, डोळ्यात गेलं तर डोळाच नेतं. त्यांची जुनी परात गळायला लागली होती. म्हणून ताईंनी स्वच्छ सांगितलं, साधं लोखंडच हवं, जस्त नको, अ‍ॅल्युमिनियम तर मुळीच नको, कारण ते कॉस्टिकमध्ये उकळ्या मारून विरघळतं.

काळा पत्रा नेमका संपला होता. काकांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी कोळ्याला बेघर केलं आणि मला कामाच्या टेबलावर आडवं टाकलं. मग खिळ्यावर टांगलेला गोल चुंबक काढला. हा चुंबक एका मोडक्या लाउडस्पीकरच्या पोटातून निघालेला, काकांच्या वडिलांच्या वेळचा. त्या दुकानात वाद झाला की चुंबक लावायचा, आणि चुंबकाने सांगितलं की विषय संपला. काकांनी तो माझ्यावर ठेवला. चुंबक घट्ट बसला.

"लोखंड," काका म्हणाले.

मित्रांनो, काय सांगू! मला रडू फुटायचं बाकी होतं. वळण नाही, दवाखाना नाही, मी लोखंड! पण गोंधळ तिथूनच सुरू झाला. हमालाने मला एका हाताने उचललं आणि विचारलं, काका, लोखंड असून इतकं हलकं कसं? काका म्हणाले, वय झालं की सगळ्यांचंच वजन उतरतं. कारागिराने माझे काठ वर वळवले. मी सतरंजीसारखा वळलो. तो चक्रावला. काका म्हणाले, जुनं लोखंड, सांगितलेलं ऐकतं. इतकी वर्षं बाहेर उभा होता, गंज कसा नाही? रंगामुळे. मग रंग खरवडून बघू का? कशाला, कॉस्टिक आपोआप काढेल. प्रत्येक शंकेला काकांकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर मलाही पटत होतं. फक्त आतून काहीतरी चुकचुकत होतं. लोखंड असताना असं चुकचुकतं का, हे कुणाला विचारणार?

संध्याकाळपर्यंत मी परात झालो आणि शेडमध्ये पोहोचलो. धाकटी कॉस्टिकची बादली घेऊन आली. परात नवी म्हणून ती कौतुकाने माझ्यावर वाकली. ताईंनी तिला हाताने अडवलं. त्यांच्या सासूबाईंची एक रीत होती. नव्या भांड्याला आधी एक चमचा. त्याला सोसलं, तर बादली. धाकटी कुरकुरली की काकांनी चुंबक लावलाय, आता कसला चमचा. ताई म्हणाल्या, चुंबक त्यांच्या वडिलांचा, चमचा माझ्या सासूचा.

त्यांनी तिला चार पावलं मागे उभं केलं आणि लांब दांड्याच्या चमच्याने माझ्या कोपऱ्यात चमचाभर कॉस्टिक सोडलं.

आधी रंग सुरकुतला. मग 'भाड्याने' गेलं, 'दातांचा' गेला, 'वळण' गेलं. आणि मग, मित्रांनो, मी फसफसलो. कोपरा चटका बसेल इतका तापला आणि थेंब उडाले. एक थेंब धाकटी आधी उभी होती तिथल्या जमिनीवर पडला. ती त्या ओल्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग बादली हळूच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मला धुऊन परत दुकानात नेलं. काका मानेनात. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, चुंबक लावला, चुंबक बसला. मी पुन्हा लोखंड! मला गरगरायला लागलं. रात्री मी कोण होतो मग?

ताईंनी दोन क्षण टेबलाकडे पाहिलं. "काका, परात उचला बघू. चुंबकासकट."

काकांनी मला हवेत उभं धरलं. चुंबक सुटला आणि थेट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

काकांनी वाकून चुंबक उचलला. त्यांनी लंगडत जाऊन टेबलावर वर्तमानपत्र ठेवलं आणि चुंबक लावला. चिकटला. लाकडी पट्टी ठेवली. चिकटला. कारागीर म्हणाला, "काका, वर्तमानपत्रसुद्धा लोखंडाचं निघालं."

काका स्टुलावर बसले. वडिलांच्या वेळी ते टेबल लाकडाचं होतं. दीड महिन्यापूर्वी काकांनी हौसेने त्यावर लोखंडी पत्रा ठोकून घेतला होता. तेव्हापासून चुंबक खालच्या लोखंडाला धरत होता आणि काका वरच्याला नाव देत होते.

"अ‍ॅल्युमिनियम आहे हा," ते म्हणाले. मग धाकटीकडे बघून हळू आवाजात, "पोरी, तुझ्या डोळ्यांवर बेतलं होतं गं."

त्यांनी ताईंसाठी दुसऱ्या दुकानातून काळा पत्रा आणला. मग शटर ओढलं आणि चुंबक खिशात घालून निघाले. दीड महिन्यात ज्याला ज्याला पत्रा दिला, त्याच्या दारी जाऊन पुन्हा तपासायचा, हवेत धरून. चार दिवस दुकान बंद होतं. म्हणतात, लंगडणारे काका आणि त्यांचा चुंबक बघून लोकांना वाटलं, हे खिळे गोळा करायला निघालेत.

मला पुन्हा सपाट केलं आणि ताईंच्या शेडच्या दारावर छज्जा म्हणून लावलं. ऊन सोसतो, पाऊस सोसतो, गंज लागत नाही. हे काम मला जमतं, आणि जमतंय हे कळायला चुंबक लागला नाही. पण सवय वाईट. परवा कोणीतरी माझ्यावर 'येथे साबण मिळेल' लिहिलं, आणि आता मला वाटतं, आपण साबण तर नाही?

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला कामाला लावण्याआधी काम काय ते बघा, मग आम्हाला हातात उचलून बघा, आणि कोणी 'विषय संपला' म्हटलं तरी एक चमचा टाकून बघा.

माझ्या कोपऱ्याला अजून एक खड्डा आहे, चमच्याएवढा. धाकटी रोज सकाळी शेड उघडताना खाली थांबते, मान वर करते आणि त्या खड्ड्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघते.