भाड्याचा घेर

टेम्पो वाडीच्या नाक्यावर उभा होता. गल्लीत तो शिरत नव्हता, म्हणून चणिये, गरब्याचे ते घेरदार घागरे, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी खांद्यावरून बाहेर जात होते. लाल गेला, मोरपंखी गेला, हळदीच्या रंगाचा अजून दाराशीच होता. उल्का जिन्याच्या पायरीवर उभी राहून एकेकाला नजरेने नाक्यापर्यंत पोचवत होती. पाठवणीला आईने उभं राहावं, तशी.

विकायला शिवलेच नव्हते ते. रावपुऱ्यातल्या दुकानात कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या कमरेची मापं घेतल्यावर तिने नोकरी सोडली, साठलेला फंड कापडात घातला आणि वर्षभर आरसे टाकत, घेर वाढवत साठ चणियाचोळ्या उभ्या केल्या. गरब्याच्या नऊ रात्री त्या भाड्याने द्यायच्या. परत आल्या की पुन्हा द्यायच्या. कपडा आपलाच राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा कमावतो. एवढा साधा विचार होता. पण पितृपंधरवडा लागला आणि सासूबाई, नलिनीबाई, म्हणाल्या की या दिवसांत नव्या कामाची पाटी लावायची नाही. पाटी लागली नाही, तर विचारायलाही कुणी आलं नाही. त्या रिकाम्या दिवसांत उल्का हिशेब करत बसली, आणि हिशेबाने तिला घाबरवलं.

नवरात्रात प्रत्येक दिवसाचा एक रंग. पुण्याची मावशी दरवर्षी फोनवर नऊही रंग कळवते आणि रावपुऱ्याच्या महिला मंडळात सगळ्याजणी त्या त्या रंगाच्या साड्या नेसून आरतीला येतात. उल्काने चणियेही तसेच रंगवार शिवले होते. म्हणजे लाल चणिया लाल रंगाच्याच दिवशी बाहेर पडणार, बाकीच्या आठ रात्री खुंटीवर. एका रात्रीच्या भाड्यात ना कापड निघत होतं, ना वर्षभर झिजलेली बोटं.

आज सर्वपित्री अमावास्या, उद्या घट बसणार. आणि सुरतेचे ठोक व्यापारी देवेंद्रभाई टेम्पो घेऊन आले होते. सगळा माल एकदम घेणार, रोख देणार. फक्त आतली उल्काच्या नावाची पट्टी उसवायची. अमावास्येला सुरुवात नको, निरोपाला मात्र हरकत नाही, असं नलिनीबाईंनीच सकाळी सोयीने ठरवून टाकलं होतं.

उल्काचा नवरा संजीव रिफायनरीतली सकाळची पाळी संपवून थेट गठ्ठे बांधायला आला होता. त्याचे आजोबा सरकारी कचेरीत, वडील रेल्वेत. एक तारखेचा पगार त्या घराच्या अंगात मुरलेला. हा सौदा त्याला समजत होता, आणि जे समजतं त्याची त्याला भीती वाटत नसे.

देवेंद्रभाईंनी जाड पाकीट शिलाई मशीनवर ठेवलं. "हाथमां लई ल्यो, बेन," ते म्हणाले. पाकीट उचललं की सौदा पक्का. उल्काने पदराला हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

तेवढ्यात समोरच्या घरातली आकांक्षा स्कूटर लावून आत आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. दाराशी ठेवलेल्या गठ्ठ्यातून पिवळ्या चणियाची कड बाहेर आली होती, ती तिने चिमटीत धरली.

"काकू, हा कुठे निघाला? वर्षभर गॅलरीतून बघतेय मी याला. मला भाड्याने पाहिजे."

उल्काने सांगितलं, माल विकला जातोय. तरी तोंडातून निघून गेलंच, की कुठल्या रात्री हवा होता.

"दुसऱ्या. मग चौथ्या रात्री माझ्या मैत्रिणीला, आठव्याला तिच्या बहिणीला. आम्ही वाटूनच घेतो."

"अगं, पण त्या दिवशीचा रंग?"

आकांक्षा तिच्याकडे बघतच राहिली. "रंग मम्मी पाळते, तिच्या बँकेत. गरब्याच्या ग्राउंडवर कोण बघतंय? तिकडे एवढंच बघतात, की कालचाच आज घातला का. रोज नवा पाहिजे, आणि नऊ कोण विकत घेणार? तुम्ही गेलाच नाहीत का कधी, काकू?"

गेली नव्हती. परकर नेसायच्या वयात गल्लीत मांडलेल्या दिव्याभोवती गरबा खेळली होती, तेवढंच. मग लग्न झालं. घरात घट, घटापुढे अखंड दिवा, आणि तेल घालायला सून. मंडळाच्या आरतीपुरती बाहेर पडायची, की परत. मैदानाचा गरबा तिच्याकडे खिडकीतून यायचा, नुसता आवाज. आवाजाला कुठला आलाय रंग?

सगळं गाव तिने आपल्या देवघरातून मोजलं होतं. एकच चणिया एका नव्हे, कितीतरी रात्री कमावू शकत होता.

तिने मशीनवरच्या पाकिटाकडे पाहिलं. देवेंद्रभाईंनी घड्याळाकडे पाहिलं. संजीव जवळ आला आणि हळूच म्हणाला, "घे, उल्का."

"हे विकले तर माझ्याकडे काय राहील?"

"पैसे राहतील."

"मग परत शिवायचं, परत यांच्या टेम्पोची वाट बघायची. ती नोकरीच झाली की."

"नोकरीला नावं ठेवू नकोस. घर चाललंय तिच्यावर."

"नाही ठेवत. ते चाललंय म्हणूनच हे एकदा करून बघता येईल."

संजीवने खांद्यावरचा गठ्ठा खाली ठेवला नाही.

देवेंद्रभाई रागावले नाहीत, त्यामुळे तर जास्तच धडकी भरली. त्यांनी शांतपणे समजावलं की भाड्याचा कपडा घामेजून येतो, फाटून येतो, कधी कधी येतच नाही. हा धंदा त्यांनीही एकदा करून पाहिला होता. उल्काने सगळं ऐकून घेतलं. मग दोन्ही हातांनी पाकीट त्यांच्याकडे सरकवलं.

"दसऱ्यानंतर चिंध्या घेऊन सुरतेला येऊ नका, बेन," ते जाता जाता म्हणाले.

गेलेले गठ्ठे परत आले. संजीवने ते वाहून आणले, शेवटचा जरा आपटूनच ठेवला. चहाचा कप हातात घेतल्यावर तो एवढंच म्हणाला की पहिल्या रात्री सगळे बाहेर काढायचे नाहीत. प्लांटमध्ये एक पंप चालतो तेव्हा दुसरा थांबलेला असतो. अर्धे एका रात्री, अर्धे दुसऱ्या रात्री, म्हणजे मधल्या दिवशी वाळवता येतील, शिवता येतील. उल्काने मान हलवली. त्याच्या तोंडून धंद्याचं पहिलंच वाक्य आलं होतं. ते तिने लगेच मान्य केलं, ताणलं तर मोडेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी घट बसले. आकांक्षाच्या फोनने तिचं कॉलेज वाडीत आणलं. संध्याकाळपर्यंत तीस मुली तीस चणिये घेऊन गेल्या. त्या मुलींची नावंही उल्काला धड आठवत नव्हती. ती घरात येरझाऱ्या घालू लागली, तेव्हा नलिनीबाई म्हणाल्या, "तेल मी घालते. तू जा एकदा बघून ये, नाहीतर माझा दिवा तुझ्याच वाऱ्याने विझेल."

मैदानाच्या कुंपणाशी ती आणि संजीव उभे राहिले. हजारो पावलं अनवाणी फिरत होती, धूळ गुडघ्यापर्यंत उडत होती, आणि एवढ्या मोठ्या फेऱ्यात आपलं कापड शोधायचं म्हणजे वाहत्या नदीत आपली घागर ओळखायची. लाल तिला दिसला, आणि हरवला. मोरपंखी दिसला. कुणीतरी त्याच्या कडेवर पाय दिला, मुलगी अडखळली, सावरली, टाळी देऊन पुढे गेली. फेरीने तिला पलीकडे नेलं.

उल्काने कुंपणाची जाळी धरली. फेरी फिरत होती, पण किती सावकाश. अनोळखी घेर येत राहिले, जात राहिले. मग धुळीतून मोरपंखी पुन्हा उगवला. कडेची पट्टी एका जागी उसवून लोंबत होती आणि नेसणारीला त्याचा पत्ता नव्हता. घामाने निथळत ती खळखळून हसत होती.

"दिसला?" संजीवने विचारलं.

"दिसला."

"फाटलाय?"

"चार टाके मागतोय," उल्का म्हणाली. तोवर फेरी त्याला पुन्हा पलीकडे घेऊन गेली होती.